भिंतीवरची फिरती चकती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

विजेचं मीटर ही घरातली एक विचित्र वस्तू आहे. ती आपल्या भिंतीवर असते, पण आपली नसते. तिला उघडून बघायची सोय नाही. सील तोडलं तर गुन्हा. ती दिवसरात्र आपला वापर टिपत असते आणि महिन्याच्या शेवटी तिने दिलेली साक्ष मुकाट्याने मान्य करून आपण पैसे भरतो. वाण्याकडे तराजूचा काटा आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. पेट्रोल पंपावर 'आधी शून्य दाखव' असं बजावतो. विजेच्या बाबतीत मात्र विकणाऱ्यानेच आपला तराजू आपल्या घरात आणून टांगलेला असतो.

चाळिशी ओलांडलेल्या मंडळींना जुनं मीटर चांगलं आठवत असेल. काळी, जडशीळ पेटी, समोर काच, बाजूला तारेत ओवलेलं शिशाचं सील आणि काचेच्या आत आडवी फिरणारी चकचकीत चकती. चकतीच्या कडेला एक काळी खूण. घरात एखादाच दिवा लागलेला असला की ती खूण रमतगमत येई आणि जाई. कुणी इस्त्री लावली की चकती अशी भिरभिरायची, की खूण दिसेनाशी व्हायची. 'मीटर पळतंय, इस्त्री बंद करा' हे वाक्य त्या काळी घराघरांत ऐकू येई. आता ती चकती बहुतेक घरांतून गेली आहे, उरलेल्या घरांतून जाते आहे. ती कुठून आली, इतकी वर्षं कशी टिकली आणि ती जाताना एवढी भांडणं का झाली, हे सांगण्यासारखं आहे.

वीज विकायला सुरुवात झाली तेव्हा ती मोजायची कशी, हा प्रश्न आधी सुटलेला नव्हता. १८८२ सालच्या ४ सप्टेंबरला न्यूयॉर्कमधल्या पर्ल स्ट्रीटच्या वीजघरातून थॉमस एडिसनने गिऱ्हाइकांना वीज द्यायला सुरुवात केली. पहिले काही महिने त्याने कुणालाही बिल पाठवलं नाही. मग जे मीटर बसलं ते पाहिलं तर आज हसू येईल. एका काचेच्या बरणीत झिंक सल्फेटचं पाणी आणि त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या. घरात येणाऱ्या विजेचा एक ठरावीक, अगदी छोटा हिस्सा या बरणीतून जाई. वीज गेली की एका पट्टीवरचं जस्त सुटून दुसरीवर बसे. जितकी वीज जास्त, तितकं जस्त जास्त. महिन्याने कंपनीचा माणूस येई, पट्ट्या घेऊन जाई, त्या धुऊन वाळवून नाजूक तराजूत तोलल्या जात आणि वजनात पडलेल्या फरकावरून बिल निघे. थंडीत पाणी गोठू नये म्हणून मीटरच्या पेटीतच एक दिवा ठेवलेला असे. पारा उतरला की तो आपोआप लागे.

युक्ती नामी होती, पण गिऱ्हाइकाला त्यातलं काय कळणार? आकडा नाही, काटा नाही. कंपनीचा माणूस पट्ट्या नेणार, कंपनीच्याच कचेरीत तोलणार आणि कंपनीच आकडा सांगणार. आधीच अमेरिकेत 'गॅसच्या मीटरसारखा खोटारडा' अशी म्हण रूढ होती. तिथे हे नवं प्रकरण. एडिसनच्या चरित्रात याबद्दल एक किस्सा आहे. वॉल स्ट्रीटवरच्या मॉर्गन यांच्या पेढीतही एडिसनचे दिवे लागले होते आणि पेढीवाल्यांना बिलाचा संशय आला. त्यांनी प्रत्येक दिव्यापाशी एक कार्ड टांगलं. दिवा किती वाजता लावला, किती वाजता मालवला, हे ज्याने त्याने त्यावर लिहायचं. महिनाअखेर कार्डांची बेरीज केली तर मीटरचं बिल जास्त! पेढीवाले म्हणाले, बघा, तुमचं मीटर खोटं. एडिसनने आणखी चौकशी करायला लावली, तेव्हा कळलं की रात्री झाडलोट करणारा माणूस आपल्या कामासाठी दिवे लावत होता आणि त्याच्यासाठी कार्ड ठेवायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तो वापर धरला आणि हिशेब जुळला. वीजबिलावरून झालेल्या भांडणांच्या इतिहासातलं हे अगदी सुरुवातीचं प्रकरण. पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांतली किती तरी भांडणं याच वळणाची आहेत.

एडिसनची बरणी फक्त एकदिश विजेला चाले. युरोप-अमेरिकेत लवकरच प्रत्यावर्ती वीज, म्हणजे दर सेकंदाला अनेकदा दिशा बदलणारी वीज आली, आणि बरणीतलं जस्त जितकं जाई तितकंच परत येई. जर्मनीत हेर्मान आरोनने दोन लंबकांच्या घड्याळांचं मीटर केलं. ते चालायचं चांगलं, पण महाग आणि नाजूक. खरं उत्तर १८८८ साली योगायोगाने सापडलं. अमेरिकेतल्या वेस्टिंगहाऊस कंपनीचा इंजिनीअर ऑलिव्हर शालेनबर्गर एका नव्या दिव्याचं काम बघत होता. दिव्यातली एक छोटी स्प्रिंग सुटून आत पडली. त्याने पाहिलं तर ती पडल्या जागी हळूहळू फिरत होती. दुसरा कुणी असता तर स्प्रिंग उचलून जागेवर बसवून मोकळा झाला असता. शालेनबर्गरला कळलं की विजेचं चुंबकीय क्षेत्रच तिला फिरवतं आहे, आणि काही आठवड्यांत त्याने त्या फिरण्यावर चालणारं मीटर उभं केलं. इकडे इटलीत तुरीनच्या गॅलिलिओ फेरारिसने फिरत्या चुंबकीय क्षेत्राचं तत्त्व त्याआधीच शोधलं होतं. त्याचं लेखनही १८८८ सालचंच. म्हणून आजही युरोपात चकतीच्या मीटरला फेरारिस मीटर म्हणतात. आणि १८८९ साली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या ओट्टो ब्लाथीने जे मीटर पेटंट घेऊन बाजारात आणलं, ते नुसता प्रवाह नव्हे तर खरी वीज-ऊर्जा मोजणारं होतं. आपल्या भिंतीवरचं मीटर हे त्याचंच वंशज.

त्याचं आतलं काम एकदा समजून घेतलं पाहिजे, कारण पुढची सगळी भांडणं त्यातून निघतात. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीजवळ दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची. तिच्यातून घरात जाणारा सगळा प्रवाह जातो. दुसरी बारीक तारेची. ती विजेच्या दाबावर, म्हणजे व्होल्टेजवर असते. दोन्हींचं चुंबकत्व चकतीत भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण करतं आणि चकतीला ढकलतं. नुसतं ढकलत राहिलं तर चकती सुसाट सुटेल, म्हणून दुसऱ्या बाजूला एक कायमचा लोहचुंबक बसवलेला असतो. तो ब्रेक. ढकलणारा जोर आणि ब्रेक यांचा मेळ असा साधलेला, की चकतीचा वेग घरातल्या वापराशी नेमका जुळतो. चकतीच्या दांड्यावरून दातेरी चाकं आकडे पुढे सरकवतात. मीटरच्या पाटीवर लिहिलेलं असे: एका युनिटला अमुक फेऱ्या. कुठे ६००, कुठे १२००. बस्स, एवढंच यंत्र. तेलपाणी नाही, चावी नाही. चकतीचा दांडा घड्याळात असतो तशा कठीण खड्यावर टेकलेला. कित्येक घरांत ही मीटरं तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं एकदाही न उघडता फिरत राहिली. कुठल्याही घरगुती यंत्राने एवढी निमूट नोकरी केली असेल असं मला वाटत नाही.

मला या यंत्राबद्दल सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ते कुणालाही तपासता येई. १२०० फेऱ्यांचं मीटर असेल आणि घरात फक्त एक १०० वॉटचा दिवा लावला, तर तासाला ०.१ युनिट, म्हणजे १२० फेऱ्या. काळी खूण दर ३० सेकंदांनी दिसली पाहिजे. तंत्रनिकेतनात शिकवत असताना मी मुलांना हा प्रयोग घरी करायला सांगत असे. सगळी बटणं बंद केल्यावर चकती थांबते का, हा दुसरा प्रयोग. रिकामं असताना ती सरकत राहू नये म्हणून तिला मुद्दाम दोन भोकं पाडलेली असतात. ती भोकं चुंबकासमोर आली की चकती तिथे अडते. थोडी सरकली तर हरकत नाही, पूर्ण फेरी मात्र होता कामा नये. एडिसनच्या गिऱ्हाइकाला जे कधी जमलं नसतं, ते इथे घड्याळ आणि एक दिवा असला की शाळकरी पोरालाही जमे.

भारतात वीज आली ती पाश्चात्त्य देशांच्या फार मागे नाही. मुंबईत १८८२ सालीच, म्हणजे पर्ल स्ट्रीटच्याच वर्षी, ईस्टर्न इलेक्ट्रिक लाईट अँड पॉवर कंपनीने क्रॉफर्ड मार्केट आणि काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावले. कंपनी लगेच बुडाली, तो भाग वेगळा. घरोघर वीज विकण्याचं काम कलकत्त्यात १८९९ मध्ये सुरू झालं. मुंबईत १९०५ मध्ये वाडीबंदरला वीजघर उभं राहिलं. ट्राम आणि वीज दोन्ही चालवणारी ती कंपनी म्हणजे पुढची 'बेस्ट'. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईत आली. जिल्ह्याच्या गावी छोट्या छोट्या खासगी कंपन्या असत. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं आणि लोकांच्या तोंडी 'बोर्ड' हा शब्द बसला. बोर्डाचं २००५ साली विभाजन होऊन महावितरण झालं, तरी आमच्याकडे अजूनही 'बोर्डाचा माणूस आलाय' असंच म्हणतात.

'युनिट' हा शब्दही असाच इतिहासातून आलेला आहे. ब्रिटनमध्ये वीज कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी व्यापार खात्याने, बोर्ड ऑफ ट्रेडने, एक किलोवॉट वीज एक तास वापरली की एक 'बोर्ड ऑफ ट्रेड युनिट' असं माप ठरवलं. पुढे बोर्ड ऑफ ट्रेड गळून पडलं, युनिट राहिलं. आज आपल्या घरातली आजीसुद्धा 'या महिन्यात किती युनिट पडले?' असं विचारते.

सुरुवातीची मीटरं अर्थातच विलायती. फेरांटी, चेंबरलेन अँड हुकॅम, लँडिस अँड गीर ही नावं जुन्या पाट्यांवर असत. स्वातंत्र्यानंतर देशी मीटरं आली. जुन्या मीटरवर सरकणारे आकडे नसत, घड्याळासारख्या छोट्या तबकड्या असत, आणि शेजारशेजारच्या तबकड्यांचे काटे एकमेकांच्या उलट फिरत. काटा दोन आकड्यांच्या मध्ये असला तर मागचा आकडा धरायचा. मीटर वाचणारा नवखा असला की इथे हमखास घोटाळा होई. म्हणून मीटरशेजारी एक कार्ड टांगलेलं असे आणि त्यावर तारीख, आकडा आणि वाचणाऱ्याची सही. मॉर्गनच्या पेढीतल्या कार्डाचा हा दूरचा भाऊच म्हणा ना.

आमच्या वाड्यात मालकाच्या नावावर एकच मीटर होतं आणि बिऱ्हाडं सात. प्रत्येक बिऱ्हाडाला दर दिव्यामागे महिन्याला ठरावीक पैसे. चाळीस वॉटच्या वर दिवा लावायचा नाही, इस्त्री बिलकूल नाही. मालक संध्याकाळी अंगणात उभे राहून खिडक्या मोजत. त्यातून 'झिरोचा बल्ब' मात्र सगळ्यांना माफ होता, कारण तो मीटरवर पडत नाही अशी मालकांसकट सर्वांची ठाम समजूत. प्रत्यक्षात तो बल्ब दहा-पंधरा वॉट खायचा. पण समजूत अगदीच निराधार नव्हती.

का नव्हती ते बघा. चकती फिरायला लागायची तर आधी खड्यावरचं आणि दातेरी चाकांचं घर्षण तिला ओलांडावं लागतं. साध्या घरगुती ५ अँपिअरच्या मीटरने प्रमाणानुसार सुमारे ६ वॉटवर हलायला लागावं अशी अपेक्षा असे. त्याखालचा वापर त्याला कळतच नाही. मीटर म्हातारं झालं, खडा झिजला, वर्षानुवर्षांची धूळ आत बसली की ही मर्यादा आणखी वर जाते. मग दहा-पंधरा वॉटचा एकटा दिवा रात्रभर जळला तरी चकती ढिम्म. म्हातारपणी मीटर नेहमी मागेच पडतं असंही नाही. फार जुन्या मीटरांतला ब्रेकचा चुंबक दुबळा झाला तर चकती जोरात धावते आणि गिऱ्हाईक फुकट पैसे भरत बसतं. पण सर्वसाधारणपणे झीज आणि धूळ गिऱ्हाइकाच्याच पदरात माप टाकत, आणि लोक स्वाभाविकच त्याबद्दल तक्रार करत नसत.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक मीटर येऊ लागली. त्यांत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे घर्षण नाही. मोबाईलचा चार्जर, टीव्हीचा बंद न केलेला लाल ठिपका, केबलचा डबा असं सगळं किरकोळ त्यांच्या नजरेत येतं. वीज चोरणाऱ्यांच्या जुन्या खुब्या, म्हणजे मीटर तिरकं करणं, बाहेरून चुंबक लावणं, काचेच्या फटीतून फिल्मची पट्टी सरकवून चकती अडवणं, त्याही निकामी झाल्या किंवा निदान अवघड झाल्या. २००६ साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नियमच केला की यापुढे नवीन मीटर इलेक्ट्रॉनिकच असेल. त्याआधी २००३ च्या वीज कायद्याने, कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांनंतर मीटरशिवाय वीज द्यायची नाही असं बजावलं होतं. जुनी चकती तिथेच निवृत्त झाली. आणि जिथे जिथे नवं मीटर बसलं तिथे तिथे एकच ओरड सुरू झाली: नवं मीटर पळतं.

आमच्या आळीत हे २००८ च्या सुमारास झालं. खालच्या मजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांची मीटरं बदलली आणि त्यांची बिलं वाढली. शेजारच्या काकूंची पाळी पुढच्या आठवड्यात होती. काकू एकट्या, पेन्शनवर राहणाऱ्या. मला म्हणाल्या, "अहो, दोन दिवे, एक पंखा आणि टीव्ही. ह्यांच्या हातचं मीटर आहे, पस्तीस वर्षांत कधी कुरकुरलं नाही. मी बदलू देणार नाही." मी म्हटलं, आधी त्याची परीक्षा तर घेऊ. वीज-दाब तपासला, कारण बल्बवरचा १०० चा आकडा २३० व्होल्टचा असतो. दाब पडलेला असला तर बल्बच कमी वीज खातो आणि मीटरवर उगाच आळ येतो. दाब बरोबर होता. बाकी सगळं बंद करून १०० वॉटचा दिवा लावला आणि काळ्या खुणेकडे बघत बसलो. मीटर १२०० चं, खूण ३० सेकंदांनी यायला हवी होती. ती ३४ सेकंदांनी येत होती. पुन्हा पुन्हा मोजलं, तेच. म्हणजे मीटर जवळजवळ बारा टक्क्यांनी मागे. मग दिवा काढून नुसता केबलचा डबा आणि टीव्ही बटण न दाबता तसाच ठेवला. पंधरा-एक वॉटचा तो वापर. चकती हललीच नाही.

काकूंचा जुना वापर महिन्याला ३८ युनिटच्या आसपास पडे. बारा टक्के मागे पडणं भरून काढलं तर ४३. आणि न मोजलेले १५ वॉट दिवसरात्र धरले तर महिन्याला जवळपास ११ युनिट. एकूण ५४. नवं मीटर बसल्यावर त्याचीही परीक्षा घेतली. त्याला चकती नाही, पण एक लाल दिवा लुकलुकतो. पाटीवर लिहिलेलं असतं, एका युनिटला ३२०० वेळा. १०० वॉटला तो सव्वाअकरा सेकंदांनी लुकलुकला पाहिजे आणि तसाच लुकलुकत होता. पहिलं बिल आलं ५५ युनिटचं. नवं मीटर पळत नव्हतं, जुनं लंगडत होतं. काकूंना मी कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पस्तीस वर्षं मी चोरी केली म्हणता?" मला उत्तर सुचेना. चोरी नव्हेच ती. मीटर त्यांचं, सील त्यांचं, आकडा लिहून नेणारा माणूसही त्यांचा.

काकूंच्या या प्रश्नाला महत्त्व आलं ते दोन महिन्यांनी. जुनं मीटर प्रयोगशाळेत तपासलं गेलं, ते मागे असल्याचं ठरलं, आणि मागच्या दोन वर्षांच्या फरकाचं एक भलंमोठं बिल काकूंच्या दारात येऊन पडलं. सोबत तपासणीचा अहवाल नाही, हिशेब नाही. पंधरा दिवसांत भरा, नाही तर वीज तोडू. पेन्शनवरच्या बाईचे तीन महिने त्यात गेले असते. इथे कायदा काय म्हणतो ते बघायलाच हवं होतं.

कायदा या बाबतीत जुना आणि बऱ्यापैकी समजूतदार आहे. १९१० च्या भारतीय वीज कायद्याच्या २६ व्या कलमात मीटर बरोबर की चूक हा वाद कंपनीने सोडवायचा नसून सरकारच्या विद्युत निरीक्षकाने सोडवायचा, असं म्हटलेलं होतं. तराजू विकणाऱ्याचा असला तरी तराजूचा न्याय तिसऱ्याने करायचा. आणि मीटर बिघडलं असं ठरलं तरी मागचा हिशेब जास्तीत जास्त सहा महिन्यांचाच काढायचा. २००३ च्या कायद्यानंतर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २००५ साली जी वीजपुरवठा संहिता केली, तिने ही मुदत आणखी कमी केली. सदोष मीटरबाबत दुरुस्ती करायची ती वाद उपस्थित झाला त्या महिन्याच्या मागच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांची, आणि सुधारित बिलासोबत तपासणीचा अहवाल दिला पाहिजे. यामागचा विचार सरळ आहे. मीटर तपासत राहणं हे विकणाऱ्याचं काम. त्याने तीस वर्षं ते केलं नाही, तर त्याचा भुर्दंड घेणाऱ्यावर टाकता येत नाही. आम्ही एक पानी अर्ज केला, त्यात हा नियम उतरवला आणि अहवालाची प्रत मागितली. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला बिल तीन महिन्यांचं होऊन आलं. ते काकूंनी एका दमात भरलं.

मीटरवर एवढा राग असणाऱ्यांनी, मीटर नसलं की काय होतं तेही पाहावं. सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात शेतीपंपांना मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर आकारणी सुरू झाली. शेतकऱ्याची कटकट वाचली हे खरं. पण पंप किती वीज ओढतो हे कुणालाच नक्की माहीत राहिलं नाही, आणि मग ज्या विजेचा हिशेब लागत नाही ती सगळी शेतीच्या नावावर मांडता येऊ लागली. नियामक आयोगापुढे २००० च्या सुमाराला दरवाढीच्या जाहीर सुनावण्या झाल्या, तेव्हा पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी हे आकडे खोदून काढले. वर्षानुवर्षं वीज मंडळ गळती पंधरा-अठरा टक्के सांगत आलं होतं. ती तीस टक्क्यांच्या वर असल्याचं बाहेर आलं. यातली चोरी शेतकऱ्याची किती आणि शहरातल्या कारखान्यांची किती, यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली. मोजमापच नव्हतं, तर ज्याची बाजू मांडायला कुणी नाही त्याच्यावर बोट दाखवणं सोपं होतं.

आता तिसरी पिढी आली आहे. स्मार्ट मीटर स्वतःच आकडा कचेरीला कळवतं. वाचणारा माणूस लागत नाही, कार्ड नाही. २०२१ साली केंद्र सरकारने देशभर २५ कोटी अशी मीटरं बसवायची योजना जाहीर केली आणि त्यात आधी पैसे भरा, मग वीज वापरा, अशी प्रीपेड पद्धत होती. महाराष्ट्रात ग्राहक संघटना आणि कामगार संघटनांनी कडाडून विरोध केला. जून २०२४ मध्ये त्या वेळचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवली जाणार नाहीत असं जाहीर केलं. पुढे वेळेनुसार वापर नोंदवणारी, पण वापरानंतर बिल येणारी स्मार्ट मीटर बसू लागली. वाद शमलेला नाही. माझं मत विचाराल तर या मीटरांची अचूकता हा मला मोठा प्रश्न वाटत नाही. ती जुन्या चकतीपेक्षा खात्रीने चांगली मोजतात. माझा आक्षेप वेगळा आहे. किती वाजता कोण किती वीज वापरतं हा सगळा तपशील कंपनीच्या संगणकात जातो. ज्याच्या घरात ते मीटर आहे त्याला पडद्यावर आळीपाळीने येणारे दहा-बारा आकडे दिसतात, आणि त्यातला कोणता बिलाचा, हे सांगायला कुणी येत नाही. एडिसनचा माणूस पट्ट्या घेऊन जायचा, तशातलाच हा प्रकार. लाल दिवा मात्र अजून लुकलुकतो, तेवढा धरून ठेवा.

गंमत अशी की काही ठिकाणी जुन्या चकतीला शेवटच्या दिवसांत नवी किंमत आली. छपरावर सूर्यविजेच्या पट्ट्या बसवल्या आणि घरात लागते त्यापेक्षा जास्त वीज तयार झाली, तर ती बाहेर जाताना चकती उलटी फिरते आणि आकडे मागे येतात. नेदरलँड्समध्ये किती तरी लोकांनी याच कारणासाठी जुनं मीटर बदलू द्यायला नकार दिला. आपल्याकडे सौर पट्ट्यांसाठी येणारी आणि जाणारी वीज वेगवेगळी मोजणारं मीटर लावावं लागतं, त्यामुळे हा चमत्कार इथे कुणी अधिकृतपणे पाहिला नसेल.

तुमच्याकडे अजून चकतीचं मीटर असेल आणि ते बदलायला माणूस आला, तर त्याच्याशी भांडू नका. त्याचं ओळखपत्र बघा. जुन्या मीटरचा क्रमांक आणि शेवटचा आकडा, नव्या मीटरचा क्रमांक आणि सुरुवातीचा आकडा, हे चारही त्याच्या अहवालावर लिहिलेत का ते वाचा, मगच सही करा, आणि त्या कागदाची प्रत किंवा मोबाईलवर फोटो ठेवून घ्या. सील शाबूत असल्याची नोंदही त्यात असू द्या. शेवटचा आकडा कागदावर नसेल तर पुढे सरासरीचं बिल येतं, आणि मीटर तोवर भंगारात गेलेलं असतं. काळी खूण किती सेकंदांनी येते हे माणूस पेचकस काढायच्या आधी एकदा मोजून ठेवलंत तर उत्तमच. १०० वॉटचा जुना बल्ब आता सहज मिळत नाही; इस्त्री चालेल, फक्त तिच्यावर किती वॉट लिहिलंय ते बघून हिशेब करा.